अंड्यातले तीन पदर

बाबा,

आज सकाळी आपल्या मासळीच्या हॅचरीच्या दारात एक बाई उभी राहिली आणि काही केल्या आत येईना. आपल्याच गावची सून आहे. तुम्ही गेल्यानंतर लग्न होऊन आली, म्हणून तुम्ही तिला पाहिलेलं नाही. हाताला चपळ, बोलायला बिनधास्त, माझ्यासोबत काम करणाऱ्या बायांमध्ये सगळ्यांत आधी येणारी. आज मात्र चपला काढून ती उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली होती. मी आतून ओरडले, "अंडी आली ना, ये लवकर." तर खाली पाहत म्हणाली, "मॅडम, आज मी आत येत नाही. समजून घ्या ना." मी समजले. आणि बाबा, माझे कान तापले. राग तिच्यावर नव्हता, तुमच्यावर होता. तुमची राख वैनगंगेत सोडून इतकी वर्षं झाली, तरी ती ज्या उंबऱ्याशी अडली होती तो तुम्ही घातलेला होता. तिचं पुढं काय झालं ते सांगते, पण आधी बाकीचं सांगायचं आहे. कारण तुम्ही होता तेव्हा मला ते एका दमात कधी बोलू दिलं नाही.

तुम्हाला सहीपुरतं नाव लिहिता यायचं, वाचता येत नव्हतं. रेशनचा कागद, मच्छीमार सोसायटीची नोटीस, दवाखान्याची चिठ्ठी, सगळं मीच वाचून दाखवायचे आणि तुम्ही जाळ्याला गाठी मारत ऐकायचात. हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि अर्ध्यातच तुम्ही डोंग्यात पाणी तर शिरलं नाही ना ते पाहायला उठून गेला असता. आज उठून जाता येणार नाही. एवढा एक फायदा मी घेते.

आपण ढिवर, पिढ्यान्पिढ्या मासे धरणारे. तलाव आपल्या मालकीचा नव्हता, पण तलावातलं सगळं आपल्याला कळतं असं आपल्या घरात प्रत्येक जण मानायचा. आंबागडच्या डोंगराकडून येणारं पाणी आपल्या तलावात साठतं, आणि तलावातला चांगला मासा तुमसरच्या बाजारात जातो. घरी यायचा तो फाटलेला, दबलेला, नाहीतर बारीक. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. पोटात अंडी धरलेली एक मोठी रोहू जाळ्यात अशी फाटली की विकायला नेता येईना. मायनं विळीवर तिचं पोट चिरलं आणि आतून अंड्यांची लांब पिशवी निघाली, लालसर पिवळी. तिखट-मीठ लावून, वरून हिरवा सांबार चिरून टाकून माय ती तव्यावर परतते आहे, मी चुलीपाशी उकिडवी बसले आहे आणि विचारते आहे, "माय, याच्यात मासा कुठं आहे?" माय म्हणते, "असते बारीक. दिसत नाही." आणि तुम्ही मागून म्हणता, "जे दिसत नाही ते पाहाचं नसते. अंड्याले नजर लागते." असं म्हणून सगळ्यांत मोठा तुकडा माझ्या ताटात टाकता. खरं सांगू? त्या अंड्यांत मासा नव्हताच. त्यांना अजून नराचं पाणी लागलेलं नव्हतं. मायही चुकली होती आणि तुम्हीही. पण माय "दिसत नाही" म्हणून थांबली. "पाहाचं नसते" हे तुम्ही जोडलं.

पुढं तुम्ही मला कॉलेजात जाऊ दिलं. ते मी नाकारत नाही. गावातल्या लोकांनी नाकं मुरडली तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "शिकते त शिकू द्या, आपल्या बापाचं काय जाते." एसटीनं तुमसरला जायचं आणि दुपारच्या गाडीनं परत यायचं. प्राणिशास्त्राच्या मॅडमनी आम्हाला काचपट्ट्या दाखवल्या. कोंबडीच्या अंड्यातला कोवळा गर्भ, जांभळ्या रंगात बुडवून काचेवर चिकटवलेला, बहुतेक माझ्या जन्माच्याही आधी मेलेला. बाह्यस्तर, मध्यस्तर, अंतःस्तर. आम्ही पोरींनी ते पाढ्यासारखं पाठ केलं. बाहेरच्याची कातडी, मधल्याचं मांस, आतल्याचं आतडं. मॅडम माझं तोंडपाठ उत्तर ऐकून वैतागल्या. म्हणाल्या, "तू तलावाकाठची ना? मग पाठ काय करतेस? रोहूचं अंडं काचेसारखं असतं. घरी जा आणि जिवंत बघ." पदवीची परीक्षा झाली तेव्हा त्यांनी कॉलेजनं भंगारात काढलेला एक सूक्ष्मदर्शक माझ्या हातात ठेवला. त्याचा एक स्क्रू ढिला होता, बाकी तो धडधाकट होता. एसटीत मांडीवर घेऊन मी तो घरी आणला. तुम्ही विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "अंडं पाहाचं यंत्र." तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यावर टाकला आणि म्हणाला, "झाकून ठेव." जणू मी घरात काहीतरी उघडंनागडं आणलं होतं.

त्याच सुमारास सोसायटीनं तलावाच्या बांधाखाली हॅचरी बांधली. सिमेंटच्या गोल टाक्या, त्यांत हळूहळू गोल फिरणारं पाणी. चांगल्या नर-माद्या निवडून त्यांना इंजेक्शन द्यायचं, त्यांना एका टाकीत सोडायचं, आणि त्यांनी अंडी सोडली की ती दुसऱ्या टाकीत फिरत ठेवायची, पिल्लं निघेपर्यंत. इंजेक्शन किती द्यायचं याचा हिशेब करणारं कुणी नव्हतं, म्हणून मला घेतलं. मासे निवडायला तुम्ही होता. मादीच्या पोटावरून हात फिरवून तुम्ही सांगायचात, "ही आज देते. ही नाही देत." आणि तुमचं कधी चुकलं नाही. बाप आणि लेक एकाच टाकीवर काम करतात म्हणून लोक कौतुक करायचे. तुम्हालाही ते आवडायचं, मला माहीत आहे.

पहिल्यांदा दिसलं ती सकाळ मी विसरणार नाही. पहाटे माद्यांनी अंडी सोडली होती. पाण्यात ती फुगून भिजलेल्या साबुदाण्याएवढी झाली होती. एक अंडं मी काचेच्या वाटीत घेतलं आणि डोळा लावला. बाहेर पारदर्शक फुगा, आत बलकाची गोळी, आणि गोळीच्या डोक्यावर पेशींचा लहानसा ढीग. एकीच्या दोन, दोनांच्या चार असा वाढत गेलेला. तो ढीग चपटा होऊन बलकावरून खाली उतरत होता. उतरताना दिसत नाही. पाहावं, चहा पिऊन यावं, पुन्हा पाहावं, तर तो आणखी खाली आलेला. पुरणाच्या गोळ्यावर माय कणीक कशी चहूबाजूंनी ओढत नेते, तसा. आणि त्या ओढल्या जाणाऱ्या कडेशी पेशी आत वळत होत्या. वरच्या थराच्या खाली शिरून पुन्हा माथ्याकडे चढत होत्या. काही वेळापूर्वी जिथं नुसता ढीग होता तिथं आत आणि बाहेर असं काहीतरी होऊ लागलं होतं. बाहेर राहिलेल्यांची कातडी होणार होती, आणि त्यांच्यातूनच मेंदू आणि डोळाही. सगळ्यांत आत गेलेल्यांचं आतडं आणि कलिजा. मधल्यांचं मांस, काटे, हृदय, रक्त. अजून डोळा नाही, शेपूट नाही, मासा म्हणावं असं काहीच नाही, पण कुणी कुठं जायचं ते ठरत होतं. जे मी जांभळ्या काचेवर पाठ केलं होतं ते माझ्यासमोर, आपल्या तलावाच्या पाण्यात, स्वतःहून घडत होतं, आणि त्याला कुणाची नजर लागत नव्हती.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला सांगत सुटले. थर असे पडतात, थर तसे पडतात. तुम्ही जाळं विणता विणता म्हणाला, "थर काय थर लावलं? पोळीले असते तसे पदर म्हन ना." मी खूश झाले. मॅडमच्या शब्दापेक्षा तुमचा शब्द चांगला होता. आजही मी बायांना शिकवते तेव्हा पदरच म्हणते. शब्द तुम्ही दिलात. फक्त पाहायला आला नाहीत. "उद्या दाखवते," म्हटलं तर म्हणाला, "तू पाह्यलं ना? बस झालं."

आता त्या दिवसाचं. तुम्ही हा दिवस नंतर कधी तोंडातून काढला नाही, म्हणून मी काढते. सोसायटीचे अध्यक्ष, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणत आले, त्यांनी हॅचरी दाखवायला पाहुणे आणले होते. सकाळची वेळ, टाकीत अंडी भरलेली, आणि नेमके पदर पडण्याचे तास. काका पंपावरच्या माणसाला म्हणाले, "पंप पुरा सोड बे. अंडी कशी चमकते ते साहेबाले पाहू दे." मी पुढं झाले. "काका, आता नका सोडू. आता त्याईचे पदर पडून राहिले. हिसका लागला त फाटते. दुपारनंतर दाखवा." काका पाहुण्यांकडे पाहून हसले. "आमची पोरगी लई शिकली." पंप सुटला. अंडी भोवऱ्यासारखी फिरू लागली. मग्यांनी ती उपसली, तळहातांवर घेतली, फोटो निघाले, परत टाकीत फेकली. तुम्ही भिंतीशी बसून हे सगळं पाहत होता. दुपारपर्यंत मेलेल्या अंड्यांनी टाकी पांढरी झाली. मी वाटीत अंडी घेऊन पाहिली. कणीक फाटून पुरण बाहेर यावं तसा बलक फुटला होता, पेशी इकडंतिकडं विखुरल्या होत्या. एकाही अंड्यात कड खालपर्यंत पोचलेली नव्हती.

पाहुणे गेले होते. टाकीभोवती सोसायटीची माणसं जमली. "नासली कायनं?" "आत कोन होतं?" कुणीतरी म्हणालं, "बाईमानूस होतं." मग काकांनी तुमच्याकडे वळून विचारलं, "काहून रे, तुझी पोट्टी आज ठीक होती ना?" बाबा, तुम्ही काहीही बोलू शकला असता. माहीत नाही म्हणू शकला असता. गप्प राहिला असता तरी चाललं असतं. तुम्ही म्हणाला, "नाही. बाहेरची होती. मी तिले घरीच म्हनलं होतं, जाऊ नको म्हनून." माझ्या अंगाची गोष्ट तुम्ही तेवढ्या पुरुषांत उघडी केली. आणि वरून खोटं बोललात. घरी तुम्ही तसं काहीच म्हटलं नव्हतं. सकाळी मी स्वयंपाकघरात कशालाच शिवत नाही हे तुम्हाला दिसलं होतं, आणि तुम्ही निमूट चहा पिऊन माझ्यासोबतच निघाला होता. मी रडले नाही. मी वाटी पुढं केली आणि म्हटलं, "बाबा, एकदा डोळा लावा. कायनं मेली ते दिसून राहिलं. फक्त एकदा पाहा." तुम्ही उठला, दुपट्टा झटकला आणि म्हणाला, "मी मासा पान्यात पाह्यतो. काचेत नाही."

मला हॅचरीत बंदी झाली. घरी मायनं ताट वाढलं, मी जेवले नाही. माय म्हणाली, "बापाचं मनावर घेऊ नको. त्याले त्या लोकांतच राहाचं हाये." मी म्हटलं, "मले बी त्याईच्यातच राहाचं हाये." आणि मी सभेला गेले. सोसायटीच्या सभेला तोवर बाई कधी गेली नव्हती, बंदी होती म्हणून नाही, कुणाला सुचलंच नव्हतं म्हणून. मी दारात उभी राहिले तेव्हा काका म्हणाले, "बोल बाई, काय बोलाचं हाये तुले?" काय बोलायचं ते मी ठरवून गेले नव्हते. जे आलं ते बोलले. "माशाचं अंडं असो का मानसाचा गर्भ, पहिले त्यात तीन पदर पडते. बाहेरच्या पदराची कातडी अन् मेंदू. आतल्याचं आतडं. मधल्याचं मांस, हाडं, रक्त. तुमी सारे आपापल्या मायच्या पोटात असेच झाले. रक्त मधल्या पदराचं. माशाचं बी, तुमचं बी, माझं बी, महिन्याचं बी. आता मले एवढंच सांगा, विटाळ कोन्त्या पदराचा?" एक जण फिसकन हसला. काका म्हणाले, "पोट्टी शिकून वाया गेली." आणि तुम्ही उठून निघून गेलात, माझ्या अंगावरून, माझ्याकडे न पाहता. घरी आल्यावर म्हणाला, "चार मानसांत बापाचं नाक कापलं." मी म्हटलं, "अन् माझं काय कापलं होतं त्या दिवशी?" पुढं कित्येक दिवस आपण मायच्या तोंडून एकमेकांशी बोलत होतो. "तिले म्हन, दिवा लाव." "त्यांना सांग, लावला."

माझ्याशिवाय त्यांनी पुढची खेप काढली. मासे तुम्हीच निवडून दिले. पंप पुन्हा पूर्ण सोडलेला, कारण जास्त पाणी म्हणजे चांगलं असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. ती खेपही पांढरी झाली. त्या दिवशी हॅचरीत एकही बाई नव्हती. विटाळ धरायला कुणी नव्हतं, नजर लावायला मी नव्हते, यंत्र दुपट्ट्याखाली झाकलेलं होतं. मला ऐकून आनंद झाला नाही, कारण इतके जीव वाया गेले. पण मी मनात म्हटलं, आता बोला. काकांनी तुमच्याजवळ निरोप दिला, तुम्ही मायजवळ दिला, मायनं मला सांगितलं, "तुले बोलावलं हाये." मी अट घातली. पंपाची चावी माझ्याजवळ राहील, आणि मी कोणत्याही दिवशी येईन. कोणत्याही म्हणजे कोणत्याही.

आणि मी मुद्दाम वाट पाहिली. तो दिवस येईपर्यंत इंजेक्शन द्यायचं पुढं ढकलत राहिले. पाळी आली त्या संध्याकाळी इंजेक्शन दिलं, आणि दुसऱ्या सकाळी हॅचरीच्या दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आज माझी पाळी हाये. ज्याले जाचं असन त्यानं जावं." काही जण गेले. तुम्ही गेला नाहीत. भिंतीशी बसून राहिला, बिडी न पेटवता. मी पाणी अगदी हळू सोडलं, नुसती अंडी खाली बसणार नाहीत एवढं. टाकीत हात कुणाला घालू दिला नाही, स्वतःचा तेवढा घातला. वाटीत अंडं घेऊन पाहत होते. कड खाली उतरली, मधोमध पार गेली, खालचं तोंड मिटत आलं, मिटलं. एका बाजूला पाठीची रेघ जाड झाली. दुपारनंतर डोळ्यांचे ठिपके, पाठीवर मांसाच्या घड्या. आणि संध्याकाळी पूर्ण टाकी वळवळू लागली. फुग्याच्या आत शेपट्या फटके मारत होत्या. मधल्या पदरातून झालेलं ते टाचणीच्या टोकाहून लहान हृदय धडधडत होतं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही लांबूनच टाकीकडे पाहत होता.

मी घरी नाचत आले. ताटावर बसले आणि मायला सगळं सांगू लागले, तर मायच्या तोंडून निघून गेलं, "होनारच होतं. तुझ्या बाबानं काल देवीपुढं नारळ फोडला ना." मी हातातला घास खाली ठेवला. "काहून फोडला?" तुम्ही वर न पाहता म्हणाला, "फोडला त फोडला." बस. दुसऱ्या दिवशी गावभर झालं होतं की बापानं नारळ फोडला म्हणून देवीनं पोरीचा विटाळ पोटात घातला. माझा एवढा प्रयोग तुम्ही एका नारळात नासवला, बाबा. माय अजूनही म्हणते, त्याचा जीव तुझ्यासाठी तुटत होता म्हणून त्यानं फोडला. असेल. मी नाही म्हणत नाही. पण मला तुमचा नारळ नको होता. मला तुमचा एक डोळा हवा होता, तोही क्षणभर. पुढच्या हंगामात मी पुन्हा तेच केलं, आणि या वेळी घरात एकही नारळ राहणार नाही याची काळजी घेतली. मायनं शेजारून मागून आणलेलासुद्धा परत करून आले. अंडी फुटली, पिल्लं निघाली. त्याच्या पुढच्या वर्षीही निघाली. देवीनं तेव्हा काय पोटात घातलं ते मला कुणी सांगितलं नाही.

मग तुमचं दुखणं आलं. जिना नाही, चढ नाही, सपाट बांधावर चालताना तुम्हाला धाप लागायला लागली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तुमच्या छातीवर यंत्र फिरवलं आणि पडद्यावर तुमचं हृदय दिसू लागलं, काळं-पांढरं, थकल्यासारखं उघडमीट करणारं. मी शेजारी उभी होते. तुम्ही मान वळवून पडद्याकडे पाहत होता. काचेत. बराच वेळ पाहिलंत आणि हळूच मला विचारलंत, "हे कोन्त्या पदराचं?" मी म्हटलं, "मधल्या." "माशाचं बी?" "माशाचं बी मधल्याच." तुम्ही म्हणाला, "हालून राहिलं ना." मला वाटलं, आता तुम्ही ते बोलाल. त्या दिवसाचं, टाकीपाशी जे बोललात त्याचं. मी थांबले. डॉक्टर थांबले नाहीत, त्यांनी यंत्र उचललं. तुम्ही प्यायला पाणी मागितलंत. मी आणून दिलं. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात, आणि ते बोलणं तुमच्यासोबत गेलं. लोक म्हणतात, त्यानं विचारलं म्हणजेच त्यानं मानलं. मी एवढ्या स्वस्तात समजून घेणार नाही. विचारणं वेगळं आणि चार माणसांत उभं राहून "मी खोटं बोललो" म्हणणं वेगळं. तुम्ही मला नागवं केलंत ते चार माणसांत केलंत.

आता हॅचरी मी चालवते. वरठीपासून नाकाडोंगरीपर्यंतची माणसं मोटरसायकलवर येतात आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत जिरे घेऊन जातात. जिरे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, शेपटी फुटलेल्या जिऱ्याच्या दाण्यासारखी ती पिल्लं. टाकीवर बाया काम करतात. आणि तरी आज सकाळी ती दारात थांबली. सासूनं सांगून पाठवलं असेल, किंवा कुणी सांगायचीही गरज पडली नसेल. मी गेले, तिचा हात धरला आणि तिला उंबऱ्याच्या आत ओढलं. "अव मॅडम, काही झालं त माझ्यावर येईन," ती म्हणाली. मी म्हटलं, "येऊ दे. माझ्यावर येऊन गेलं आहे." सूक्ष्मदर्शकासमोर स्टुलावर बसवलं आणि अंडं दाखवलं. ती बराच वेळ हललीच नाही. पदर पडत होते. मी तिला सांगत होते, ही कड पाहा, ही आत वळते आहे ती पाहा. मग तिनं विचारलं, "आपल्यात बी असंच होते?" मी म्हटलं, रीत थोडी वेगळी, पण पदर हेच, तीनच. "कधी होते?" मी म्हटलं, "पाळी चुकते न चुकते तेव्हा. बाईला अजून नीट माहीतही नसतं." ती डोळा न काढता म्हणाली, "म्हनजे ज्या रक्ताले आपुन बाहेर बसतो, ते आलं नाही तर त्याच जागी हे होते?" त्याच जागी, बाबा. तेच रक्त जिथून सुटतं त्याच मऊ गादीवर हे पदर पडतात. तुमचेही तिथंच पडले होते, तुमच्या मायच्या पोटात, तिला ठाऊक नसताना. इतकं सरळ मी सभेतही बोलले नव्हते. तिनं न शिकता विचारलं, कारण तिनं डोळा लावला.

ती मग टाकीवर गेली, पदर खोचला आणि जाळी धुवायला लागली. तिच्या सासूला सांगायला संध्याकाळी मी स्वतः जाणार आहे. भांडण होईल. होऊ दे.

हे कुणाला देण्यासारखं नाही, आणि तुमच्यासाठी नदीत सोडावं असंही माझ्या मनात नाही. नदीचं पाणी मासळीला लागतं, त्यात कागद कशाला. कपाटात राहील. फक्त एक गोष्ट राहिली, ती मी कुणालाच सांगितलेली नाही, त्या बाईलाही नाही. माझे ते दिवस आता संपत आले आहेत, पण अजून मधूनच येतात. असा दिवस आला की टाकीत हात घालताना माझा हात पाण्यावर येऊन थांबतो. एक श्वासभर. दिसायला कुणाला दिसत नाही. मला कळतं. मग मी तो कोपरापर्यंत आत घालते.